दुकान आमचे, किल्ल्या आपल्याकडे : ऑनलाइन दुकानाच्या कामाबाबत तक्रार

निपाणी, जि. बेळगाव
दिनांक : १२ जानेवारी २०२६

प्रति,
मा. संचालक,
वेबसाइट व डिजिटल मार्केटिंग एजन्सी, पुणे

विषय : ऑनलाइन दुकानाचा संपूर्ण ताबा मिळणे, कराच्या चुकीच्या नोंदी दुरुस्त होणे आणि न झालेल्या कामाचे शुल्क परत मिळणे याबाबत.

महोदय,

निपाणी आणि अथणी भागातील कोल्हापुरी चप्पल कारागिरांच्या गटासाठी दुकान उभारणे आणि ते वाढवणे ही दोन्ही कामे आपल्याकडे दिली आहेत. दुकान २ जून २०२५ रोजी सुरू झाले. तेव्हापासूनच्या तक्रारी फोनवर आणि व्हॉट्सॲपवर वेळोवेळी सांगितल्या. प्रत्येक वेळी 'टीमला सांगतो' एवढेच उत्तर आले. म्हणून आता लेखी देत आहोत.

सगळ्यात आधी ताब्याचा मुद्दा, कारण पुढच्या बहुतेक चुका आम्हाला त्याच दिवशी दुरुस्त करता आल्या असत्या, जर किल्ल्या हातात असत्या.

डोमेनची, म्हणजे दुकानाच्या वेब पत्त्याची, नोंद पाहिली तर नोंदणीधारक म्हणून आपल्या एजन्सीचे नाव आहे. पैसे आम्ही भरले, बिलावर 'ग्राहकासाठी डोमेन खरेदी' असे लिहिले आहे, पण कागदोपत्री नाव आपले. याचा अर्थ सरळ आहे. आमच्या पाट्यांवर, पिशव्यांवर, चपलेच्या खोक्यांवर छापलेला पत्ता कायद्याने आमचा नाही. हस्तांतराचा कोड मागितल्यावर ५ दिवसांत देणे डॉट कॉम नावांच्या रजिस्ट्रारवर (नावे नोंदवणाऱ्या कंपनीवर) बंधनकारक असते, पण मागणारा नोंदणीधारक असावा लागतो, आणि तो आपण आहात. नूतनीकरण जूनमध्ये आहे. ते चुकले तर आधी वाढीव दंड भरून नाव सोडवावे लागते आणि तोही काळ उलटला की नाव कोणीही घेऊ शकतो.

होस्टिंगचे, म्हणजे साइट ठेवलेल्या सर्व्हरच्या जागेचे, तेच. साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसमध्ये आम्हाला 'शॉप मॅनेजर' एवढाच अधिकार दिला आहे. त्यातून ऑर्डर दिसते, किंमत बदलता येते, पण प्लगइन (जोडून घेतलेली छोटी सॉफ्टवेअर), बॅकअप, थीम यांना हात लावता येत नाही. पेमेंट गेटवेचे खाते आमच्या गटाच्या केवायसीवर आहे, पैसे आमच्याच बँकेत येतात. मात्र लॉगिनचा ईमेल आणि ओटीपीचा मोबाइल आपल्या कर्मचाऱ्याचा आहे. ग्राहकाला परतावा द्यायचा म्हटले की त्या कर्मचाऱ्याची वाट पाहावी लागते. तो रजेवर होता तेव्हा एका ग्राहकाचे १,४५० रुपये ११ दिवस अडकले. ई-कॉमर्स नियम २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत करायचे असते. ही जबाबदारी विकणाऱ्याची, म्हणजे आमची. ती दुसऱ्याच्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवर टांगून ठेवता येत नाही.

गुगल ॲनालिटिक्स आणि जाहिरातींची दोन्ही खातीही आपल्या नावाखाली आहेत. जाहिरात खात्यात जमा झालेला इतिहास, म्हणजे कोणत्या शब्दावर कोण आले, कोणी काय घेतले, हा आमच्या पैशातून तयार झालेला माल आहे. एजन्सी बदलली की तो शून्यावर येणार. खाती ग्राहकाच्या नावावर उघडायची आणि एजन्सीने व्यवस्थापक म्हणून प्रवेश मागायचा, हीच रीत आहे. करारात 'सर्व डिजिटल मालमत्ता ग्राहकाची' असे कलम आपणच घातले होते. त्याची अंमलबजावणी झालेली नाही.

आता कर. ही चूक आम्हाला सर्वांत जड गेली आहे, आणि ती या सीमाभागाची माहिती करून न घेतल्यामुळेच झाली.

दुकानाची भाषा मराठी, मालाचे नाव कोल्हापुरी, म्हणून आपल्या माणसाने दुकानाचा पत्ता भरताना राज्य 'महाराष्ट्र' निवडले. निपाणी कर्नाटकात आहे. आमचा जीएसटी क्रमांक २९ ने सुरू होतो, २७ ने नव्हे. पिनकोड ५९१२३७ आहे. नोंदणी प्रमाणपत्राची प्रत पहिल्याच दिवशी दिली होती. वूकॉमर्स या दुकान चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील जीएसटी प्लगइन दुकानाचे राज्य आणि ग्राहकाचे राज्य जुळवून पाहतो. दोन्ही एक असतील तर सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा), वेगळी असतील तर आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीचा). मुळातले राज्यच चुकल्यामुळे सगळे उलटे झाले. कोल्हापूर, सांगली, पुण्याच्या ग्राहकांना सीजीएसटी-एसजीएसटीचे बिल गेले, तिथे आयजीएसटी हवा होता. हुबळी, बेंगळुरूच्या ग्राहकांना आयजीएसटी लागला, तिथे सीजीएसटी-एसजीएसटी हवा होता. कोल्हापूरच्या ज्या दुकानदारांनी घाऊक माल घेतला त्यांना या बिलावर भरलेला कर स्वतःच्या करातून वजा करून घेता येत नाही, आणि ते आम्हाला विचारत आहेत. सीजीएसटी कायद्याचे कलम ७७ आणि आयजीएसटी कायद्याचे कलम १९ यांप्रमाणे बरोबर कर आता पुन्हा भरावा लागेल आणि चुकीचा भरलेला परत मागावा लागेल. व्याज लागणार नाही, हे खरे. पण गटाचे खेळते भांडवल दोनदा अडकते, आणि ते चामडे घेण्याचे पैसे आहेत.

दराचेही तसेच. दुकान सुरू झाले तेव्हा १,००० रुपयांपर्यंतच्या जोडावर १२ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के होता. आपण सरसकट १८ लावले. ८५० रुपयांच्या साध्या जोडावरही १८. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर ५ टक्के झाला. देशभर बातमी होती, आम्ही आदल्या आठवड्यात कळवले होते. दुकानात दर बदलला ९ ऑक्टोबरला. करासह १,४५० ला विकल्या जाणाऱ्या जोडाची मूळ किंमत १,२२८ रुपये ८१ पैसे होते. त्यावर ५ टक्के धरले तर तो जोड १,२९० ला द्यायला हवा होता. दसऱ्याच्या त्याच दिवसांत आमच्या ग्राहकाने दर जोडामागे १६० रुपये जास्त दिले, आणि बाकीच्या दुकानांत भाव उतरलेले त्याला दिसत होते.

डिलिव्हरीचे झोनही राज्य पाहून पाडले आहेत. महाराष्ट्रात मोफत, बाकी भारतात १२० रुपये. म्हणजे नागपूरला जोड फुकट जातो, आणि संकेश्वर, चिकोडी, खानापूरच्या माणसाला, जो आमच्या दारातला गिऱ्हाईक, त्याला १२० रुपये पडतात. झोन पिनकोडने पाडता येतात. ५९० आणि ५९१ ने सुरू होणारे बेळगाव जिल्ह्याचे पिन आणि ४१६ चे कोल्हापूर-सांगलीकडचे पिन एका झोनमध्ये घेणे हे दहा मिनिटांचे काम आहे. शिवाय पत्त्याच्या फॉर्ममध्ये राज्य आधीच 'महाराष्ट्र' भरलेले येते. ग्राहक ते बदलायला विसरतो, कुरिअरच्या प्रणालीत पिन कर्नाटकाचा आणि राज्य महाराष्ट्र असे जाते आणि ऑर्डर तिथेच अडकते. शहराच्या नावाचाही विचार झालेला नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी, मराठी माणूस बेळगाव लिहितो, जुन्या पत्त्यांत बेलगाम आहे. तिन्ही रूपांनी लोक शोधतात. आपण केलेल्या शोधशब्दांच्या यादीत एकच रूप आहे.

शोधाचाच विषय निघाला म्हणून पुढचे. वर्डप्रेसच्या 'रीडिंग' सेटिंगमध्ये शोधयंत्रांना साइट नोंदवू नका असे सांगणारी एक चौकट असते. काम चालू असताना तिच्यात खूण करून ठेवतात आणि दुकान उघडायच्या दिवशी ती काढतात. आपण ती १४ ऑगस्टपर्यंत काढली नाही. ७३ दिवस आमचे दुकान गुगलसाठी बंद होते. जूनच्या अखेरीस मिलानच्या फॅशन शोवरून कोल्हापुरी चपलेची चर्चा घरोघर पोचली, लोक अस्सल चप्पल कुठे मिळते ते शोधत होते, आणि नेमक्या त्या आठवड्यांत आमचे एकही पान सापडत नव्हते. या काळातही 'एसईओ'चे, म्हणजे गुगलच्या शोधात साइट वर आणण्याचे, महिना १२,००० रुपये बिलात लावलेले आहेत.

मालाची माहिती हा आमच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. आपल्या लेखकाने प्रत्येक जोडाखाली 'वॉटरप्रूफ, धुता येण्याजोगी' असे लिहिले. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेले हे चामडे आहे. तळाचे थर चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात, खिळा नसतो. पाण्यात भिजली की थर फुगतात, वादी सैल पडते, आणि उन्हात वाळवली की तळ वाकडा होऊन कडक बसतो. ऐन पावसाळ्यात ग्राहकांनी ती घालून चिखल तुडवला, धुतली, आणि परत पाठवली. तीन-चार दिवस राबून शिवलेला जोड फुगून परत आलेला पाहणे कारागिराला सोपे नसते. आणि ग्राहकाची चूक नव्हती, आपण तसे लिहून दिले होते.

'कोल्हापुरात बनवलेली' असेही सगळीकडे लिहिले आहे. ते खोटे आहे आणि त्याची गरजही नव्हती. भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. 'कोल्हापुरी चप्पल, अथणीच्या कारागिरांनी बनवलेली' हे पूर्ण खरे वाक्य आहे, आणि अथणीचे नाव पुसले गेल्याचे आम्हाला मनापासून वाईट वाटले.

नंबरांच्या तक्त्यात एका बुटांच्या कंपनीचा तक्ता चिकटवला आहे. कोल्हापुरीला पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये द्यावी लागते, आणि नवा जोड चार-पाच दिवस घट्ट वाटतो, मग चामडे पायाला बसते, हे वाक्य तक्त्याखाली हवेच. नाहीतर 'लहान आली' म्हणून जोड परत येतात. साठाही मूळ वस्तूवर लावला आहे, नंबरावर नाही. त्यामुळे ७ नंबर संपला तरी दुकान 'उपलब्ध' दाखवते. भाषांतर यंत्राने केलेले आहे. 'साइज'चे 'आकार' झाले आहे. आमच्याकडे चपलेचा नंबर विचारतात.

खोक्याची मापे भरलेलीच नाहीत, फक्त '५०० ग्रॅम'. कुरिअर लांबी, रुंदी, उंची गुणून ५,००० ने भागतो आणि जे वजन जास्त त्याचे पैसे घेतो. ३२ × २४ × १२ सेंटिमीटरच्या खोक्याचे ते १.८४ किलो होते, चप्पल भले ८०० ग्रॅमची असो. तळाला तळ लावून २८ × १२ × १० च्या खोक्यात जोड बसतो, ते ०.६७ किलो. हा फरक दर पार्सलला वजनवाढीच्या दंडातून आम्ही भरला.

फोटो ४-५ एमबीचे तसेच चढवले आहेत. १५०-२०० केबीचे वेबपी (फोटोचा हलका फाइल-प्रकार) करून द्यावेत.

अहवालाबद्दल. नोव्हेंबरच्या अहवालात २१२ खरेदी दाखवल्या आहेत. दुकानात ऑर्डरी १३१ आहेत. कारण ऑर्डर झाल्यावरचे 'धन्यवाद' पान जितक्या वेळा उघडते तितक्या वेळा खरेदी मोजली जाते, ऑर्डर क्रमांकाने ती एकदाच धरण्याची सोय केलेली नाही. ग्राहक पार्सल कुठे आले ते पाहायला तोच दुवा पुन्हा उघडतो आणि विक्री वाढते. त्या १३१ पैकी ३८ कॅश ऑन डिलिव्हरीचे जोड न स्वीकारता परत आले. हाती राहिल्या ९३. जाहिरातीचे ६०,००० रुपये २१२ ने भागले तर ऑर्डरमागे २८३ येतात, ९३ ने भागले तर ६४५. आपले महिना १८,००० चे शुल्क धरले तर ८३९. या आकड्यावर १,२९० चा जोड विकणे परवडत नाही. आम्ही डिसेंबरमध्ये जाहिरात वाढवली ती २८३ वर विश्वास ठेवून.

आमच्या मागण्या अशा. पत्र मिळाल्यापासून ७ दिवसांत डोमेन आमच्या खात्यात द्यावे. त्याच रजिस्ट्रारकडे गटाचे खाते उघडले आहे, तिथे ते आतल्या आत वळते करावे. नोंदणीधारक बदलताना ६० दिवसांचे कुलूप (हस्तांतरबंदी) बसू नये म्हणून त्यातून सूट घेण्याचा पर्याय आधी निवडावा. होस्टिंगचा आणि वर्डप्रेसचा पूर्ण ॲडमिन अधिकार, फाइल आणि डेटाबेसचा ताजा बॅकअप, गेटवेचा ईमेल व मोबाइल बदलणे, ॲनालिटिक्स आणि जाहिरात खात्यांची मालकी याच मुदतीत हवी. प्लगइनचे परवाने आपले असतील तर तसे सांगावे, आम्ही आमचे विकत घेऊ.

२ जूनपासूनच्या सर्व बिलांची यादी ग्राहकाचे राज्य, लागलेला कर आणि लागायला हवा होता तो कर अशा रकान्यांसह १५ दिवसांत एक्सेलमध्ये द्यावी. आमच्या कर सल्लागाराचे या दुरुस्तीचे शुल्क आपण भरावे. जून आणि जुलैचे एसईओ शुल्क २४,००० रुपये परत करावे. मालाची माहिती मात्र आपण दुरुस्त करू नये. ती आम्ही लिहून देत आहोत, मराठीत आणि कन्नडमध्ये, आपण फक्त चढवावी. 'वॉटरप्रूफ' हा शब्द आजच काढावा.

ताबा पूर्ण मिळेपर्यंत जानेवारीचे बिल रोखून ठेवले आहे. करारातील कलम, डोमेन नोंदीचे छायाचित्र, चुकीच्या बिलांच्या प्रती आणि नोव्हेंबरच्या ऑर्डरींची यादी सोबत जोडली आहे. उत्तर लेखी आणि ज्याच्याकडे निर्णयाचा अधिकार आहे त्याच्या सहीने यावे.

आपले,
अध्यक्ष व सचिव
चप्पल कारागीर गटाच्या वतीने
निपाणी