कोणासाठी वाजवायचं?

एनिस, काउंटी क्लेअर, आयर्लंड

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न.

बाबा, इथल्या चालींचं नोटेशन मिळतं का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. भरपूर मिळतं. मूळचे कॉर्कचे फ्रान्सिस ओ'नील शिकागोत पोलीसप्रमुख होते. त्यांनी तिकडे गेलेल्या आयरिश लोकांकडून चाली गोळा केल्या आणि १९०३ साली तब्बल १८५० चालींचं पुस्तक काढलं. पण सेशनला, म्हणजे पबमध्ये जमून वाजवायच्या बैठकीला, कोणी समोर कागद मांडून बसत नाही. चाल कानानंच उचलायची.

जिग हा इथल्या नाचाच्या चालींचा एक प्रकार. सहा मात्रा, तीन-तीनचे दोन भाग. तबल्यावरचा तुमचा दादराच! मनात 'धा धी ना, धा तू ना' म्हणतच मी टिन व्हिसलवर, म्हणजे इथल्या पत्र्याच्या बासरीवर, पहिली जिग बसवली. लय मात्र बरीच चढी, आणि तिनातला पहिला स्वर जरा रेंगाळतो, मधला चटकन निघून जातो. हा झोल पुस्तकात लिहिलेला नसतो, तो ऐकूनच अंगात मुरतो. सहा मात्रांचा एक खंड, अशा आठ-आठ खंडांचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा. अशी अख्खी चाल बहुतेक तीनदा होते, आणि न थांबता दुसरी जिग सुरू. ती कोणती, हे सुरू करणाऱ्यालाच ठाऊक. बाकीचे दोन-चार स्वरांत ओळखतात आणि शिरतात. येत नसेल त्यानं स्वस्थ ऐकायचं.

आई, पब म्हटल्यावर तू गप्प झालीस, ते कळलं मला. पण माझ्यापुढे चहाच असतो, आणि शेजारी कोणाची तरी शाळकरी मुलगी कॉन्सर्टिना, म्हणजे भात्याची छोटी हातपेटी, घेऊन बसलेली असते. स्टेज नाही, माइक नाही. सगळे गोल करून एकमेकांकडे तोंड करून बसतात, लोकांकडे कोणाची पाठ आली तरी चालते. टाळ्या पडल्या तर पडल्या.

इथल्या एका म्हाताऱ्या फिडलवाल्या (फिडल म्हणजे व्हायोलिनच) आजोबांनी मला एक जिग दिली. गर्दी पांगल्यावर त्यांनी ती एकेक तुकडा करून, सावकाश, माझ्या बोटांत बसेपर्यंत वाजवली. त्याआधी ती कोणाची ते सांगितलं: इना गावच्या गॅरेट बॅरीची. हे एकोणिसाव्या शतकातले अंध पाइपवादक; पाइप म्हणजे भात्यानं हवा भरून वाजवायचं इथलं वाद्य. त्यांच्याकडून ती गिल्बर्ट क्लॅन्सींकडे आली आणि मग त्यांचा मुलगा, नामांकित पाइपवादक विलीकडे. ऐकताना मला तुम्ही आठवलात, बाबा. गुरुजींचं नाव घेताना तुम्ही कानाच्या पाळीला हात लावता ना, तसाच आजोबांचा आवाज झाला होता. आता माझ्या ऑफिसातली एक ब्राझीलची मुलगी व्हिसल शिकते आहे. तिला ती जिग देताना मीही आधी ही सगळी नावं सांगितली.

बाबा, रिटायर झाल्यापासून तबला गवसणीत आहे. 'आता कोणासाठी वाजवायचं?' असं तुम्ही म्हणता. इथे ऐंशीच्या घरातली माणसं रात्री पावसातून वाद्य घेऊन येतात, ती कोणासाठीच वाजवायला येत नाहीत. शेजारच्याबरोबर वाजवायला येतात. तुमच्या हातात अजून तो दादरा आहे. तो असा बंद राहू नये, असं मला फार वाटतं.

म्हणून या जुलैत तुम्ही दोघं याच. विली क्लॅन्सींच्या गावी, मिलटाउन मालबेला, ते गेले त्या १९७३ सालापासून दर जुलैत आठवडाभर त्यांच्या नावानं संगीताचं शिबिर भरतं. सकाळी वर्ग, नंतर रात्री उशिरापर्यंत गावभर सेशन. तिथे आधी नुसतं ऐका. बोध्रान म्हणजे इथला डफ, तोसुद्धा एका वेळी एकानंच वाजवायचा असा संकेत आहे, त्यामुळे तबला घेऊन एकदम बसता यायचं नाही. पण घरी मी जिग वाजवीन आणि तुम्ही ठेका धरा. आजोबांनाही बोलावते, त्यांना दादरा ऐकायचाच आहे.

आई, मिलटाउनला गाडीनं जाऊ, तुझ्या गुडघ्यांना चालणं पडणार नाही. व्हिसाला वेळ लागतो आणि त्या आठवड्यात तिथे खोल्या मिळत नाहीत, तेव्हा दोघांच्या पासपोर्टचे फोटो या रविवारीच पाठवा. आणि बाबा, डग्ग्याची वादी सैल झाली होती, ती आत्ताच ओढून घ्या.

तुमची,
मनू