रान बटईनं दिलंय, अण्णा

ती. अण्णा व आईस साष्टांग नमस्कार.

अण्णा, फोनवर तुम्ही बोलू देणार नाही, म्हणून लिहितोय. पाडव्यापासून वरचं रान बटईनं द्यायचं मी काकांशी बोलून पक्कं केलंय. खर्च निम्मा, माल निम्मा. सातबारा तुमच्याच नावावर, बैलं तुमच्याच दावणीला. सोयाबीन पेरायचं की तूर ते तुम्हीच सांगा, बांधावर खुर्ची टाकून दिवसभर हुकूम सोडा. फक्त कोळपं धरायचं नाही. पुण्यात बसून शहाणपण शिकवतोय म्हणाल, म्हणा. पण पडीक ठेवलं असतं तर तुम्हाला जास्त लागलं असतं, हे कळतं मला.

खरं तर तुमच्या कंबरदुखीपेक्षा मला तुमच्या गप्प बसण्याचं भ्या वाटतं. येळवशीच्या सणाला आई आंबिलीचं मडकं घेऊन निघाली आणि तुम्ही बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडलात. मला खांद्यावर बसवून आंबील शिंपडत रानाला फेरी मारायचात तुम्ही. मी तुमचे केस धरायचो, तरी ओरडायचा नाहीत. ‘माणूस दिसायला धडधाकट, कामाचाच कंटाळा, असं लोक म्हणत असतील,’ हे तुम्ही आईला बोललात ते कळलं. तिच्यावर रागावू नका. दुखणं खरं आहे, अण्णा.

पण मेडिकलवाल्या पोरानं ‘डोक्याची गोळी’ म्हटलं म्हणून परस्पर बंद करायची? ती तुमची ड्युलोक्सेटिन उदासीवर देतात तसं जुनाट कंबरदुखीवरही देतात. तीन महिन्यांच्या वर दुखणं टिकलं की मूळ इजा भरली तरी नसा ठणकत राहू शकतात. त्यात झोप नाही, डोक्याला घोर, मग आणखी ठणका. वेड लागलंय असं कुणी म्हणत नाही. ती गोळी एकदम सोडली तरी गरगरतं. परवाची चक्कर डॉक्टरांना सांगायची, लपवायची नाही.

आणि ते ‘मणक्यात गॅप’ मनातून काढा. पन्नाशीत कंबर अजिबात न दुखणाऱ्या निम्म्याहून जास्त लोकांच्या एमआरआयतही मणक्यांमधली गादी फुगलेली दिसते. वाकलं की मणका मोडेल, असं नाही. दिवसभर पडून राहायचं नाही. सकाळ-संध्याकाळ मारुतीच्या पारापर्यंत चालायचं, दुखलं तर टेकायचं, परत निघायचं. कुणाकडूनही कंबर तुडवून घ्यायची नाही!

गुरुवारी लातूरला मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडं नंबर लावलाय. कंबरेच्या डॉक्टरांनीच चिठ्ठी दिलीय. एसटीचे धक्के नकोत, गाडी सांगितलीय. पुढची सीट मागं टाकून निवांत बसा. बाजेची नवार ताणून घ्यायला सांगितलंय, संडासात खुर्चीचा कमोडही बसवतोय. तो आईच्या गुडघ्यांसाठी आहे, असं समजा.

आई, ते चिडले की तू चुलीपुढं बसून डोळे पुसतेस. १४४१६ वर फोन लाव, मनाच्या त्रासावर बोलायला सरकारचा टेली-मानस आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. मला सांगितलंस तरी चालेल, पण सांग.

बटईचा कागद काकांकडं आहे. आधी वाचा, मग भांडा. मी बुधवारी रात्री येतोच आहे.

तुमचा,
बाळू