काकू, त्या कोऱ्या कार्डासाठी

आदरणीय काकू,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात देता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. वॉटरफॉल कार्ड, म्हणजे टोक ओढलं की आतले चौकोन एकामागोमाग उलटत जातात असं हाताने केलेलं शुभेच्छापत्र, करायला बसणाऱ्या प्रत्येकाला शेजारी तुमच्यासारखं माणूस मिळत नाही. तुमचे आभार मानता मानता तुम्ही शिकवलेलं थोडंफार त्यांच्यापर्यंतही पोचावं, असं वाटतं.

मी आले तेव्हा माझ्याकडे नक्षीचे कागद, रिबिनी, चकाकते स्टिकर असं सगळं होतं. तुम्ही ते हलक्या हाताने बाजूला ठेवलंत आणि साधा पांढरा जाड कागद पुढे केलात. ‘आधी कोरं कार्ड कर. ते चाललं की मग नटव,’ असं म्हणालात. या वाक्यासाठी मी तुमची सर्वांत जास्त ऋणी आहे. या कार्डाचा जीव त्याच्या हालचालीत आहे. खालचं टोक ओढलं की वरचा चौकोन उलटून मागे जातो, त्याखालचा पुढे येतो, मग तोही उलटतो. सजावट नसेल तर हे का घडतं ते डोळ्यांना स्वच्छ दिसतं.

तुम्ही दिलेली मापं मला आता पाठ आहेत. ओढपट्टी, म्हणजे जिच्यावर चौकोन चिकटतात आणि जिचं टोक ओढायचं ती पट्टी, ५ सेंमी रुंद आणि २१ सेंमी लांब. एका टोकापासून ५, ६.५, ८ आणि ९.५ सेंमीवर घडीच्या रेघा. ५ सेंमीचे चार चौकोन. पट्टीचं हे टोक आपल्याकडे ठेवून पहिला चौकोन टोकाच्या पूर्ण भागावर चिकटवायचा. पुढचे तीन दीड-दीड सेंमीच्या कप्प्यांवर, एकावर एक चढत जाणारे. त्यांना डबल टेप, म्हणजे दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, फक्त वरच्या दीड सेंमीत लावायची, खालचा भाग मोकळा सोडायचा. मग ९.५च्या रेघेवर पट्टी मागे दुमडायची. समोर सर्वांत वरचा चौकोन पूर्ण दिसतो आणि त्याखाली बाकीच्यांच्या कडा पायऱ्यांसारख्या डोकावतात.

आता आडवा पट्टा. साधारण २ सेंमी रुंद, ओढपट्टीपेक्षा दोन्ही बाजूंना चांगला लांब. तो घडीच्या आत, वरच्या कडेला लागून सरकवायचा आणि त्याची फक्त दोन टोकं कार्डावर चिकटवायची. ओढपट्टीचा मागचा भाग पट्टा आणि कार्ड यांच्यामधून मोकळा सरकला पाहिजे. ‘कुठे चिकटवायचं हे सगळे सांगतात, कुठे चिकटवायचं नाही ते लक्षात ठेव,’ असं सांगत तुम्ही पेन्सिलीने त्या जागांवर फुल्या मारून दिल्यात. नवशिक्याला याहून उपयोगी काही सांगता येईल असं मला वाटत नाही. पट्ट्याच्या आत, मधोमध, चौकोनांच्या खालच्या भागावर: फुली, फुली, फुली. चौकोनांना डबल टेप वापरायची हेही त्यासाठीच. पातळ गोंदाने कागद फुगतो आणि कडेने बाहेर आलेला गोंद नेमका सरकण्याची वाट धरून ठेवतो.

रेघांबद्दल तर तुमचा फारच कटाक्ष. शाई संपलेलं बॉलपेन मोजपट्टीला टेकवून ओढायचं, आणि दुमडण्याआधी गुण्या लावून रेघ काटकोनात आहे ना ते पाहायचं. पट्टी ए-४ कागदाच्या रुंदीतून का कापायची, हेही तुम्ही कागद हातात वाकवून दाखवलंत. कागदाचे तंतू एका दिशेने जास्त असतात आणि त्या दिशेला समांतर घडी सरळ, न तडकता पडते. ए-४च्या बहुतेक कागदांत ही दिशा लांबीची असते. रुंदीतून कापलेल्या पट्टीवरच्या आडव्या रेघा आपोआप तिला समांतर येतात. इतकी वर्षं कागद वापरूनही मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

कार्डासाठी तुम्ही ए-४ कागद मधोमध दुमडून घ्यायला लावलात. उलटलेला चौकोन पट्ट्याच्या वर साडेतीन सेंमी उभा राहतो, म्हणून वर ४ सेंमी जागा सोडायची. हे बहुधा कोणी आधी मोजत नाही.

मला सर्वांत आवडला तो मजकुराचा भाग. जो चौकोन आधी चिकटवला तो सर्वांत शेवटी दिसतो. त्यामुळे ‘अभिनंदन’ वर आणि मनातलं खरं वाक्य तळाशी, असं लिहिता येतं. उलटलेल्या चौकोनांची पाठही दिसते, तेव्हा तिथेही दोन शब्द मावतात. चौकोन वर उचलून धरायचा आणि पाठ समोर जशी येईल तशी लिहायची, म्हणजे ओढल्यावर अक्षरं सरळ दिसतात. समोरचा माणूस स्वतःच्या हाताने, स्वतःच्या गतीने आपलं म्हणणं उलगडत जातो. विकतच्या कार्डात मला हे सुख कधी मिळालं नाही.

आणि काकू, माझं काम अडलं तरी तुम्ही एकदाही ते माझ्या हातातून घेतलं नाहीत. प्रत्येक वेळी तुमचं स्वतःचं वेगळं कार्ड समोर धरून दाखवलंत. ते करायला वेळ लागतो, तुमचा वेळ लागला. त्याबद्दल मनापासून आभार.

आता एक नवीन काम काढलं आहे. पाच चौकोनांचं कार्ड करायचं म्हटलं तर समोरचा भाग ११ सेंमी होतो आणि २१ सेंमीची पट्टी मागे अपुरी पडते, ओढायला टोकच उरत नाही. लांबीतून कापली तर घड्या तंतूंच्या आडव्या येतात. म्हणून पट्टी रुंदीतूनच कापून, जिथे घडी नाही तिथे, म्हणजे मागच्या शेपटीला, जोड द्यायचा विचार आहे. जोडाची जाडी पट्ट्याखाली अडकू नये म्हणून तो अगदी खालच्या टोकाकडे घेते आहे. कोरं करून आणते, तुम्ही एकदा ओढून पाहाल का?

तुमची,
शेजारची विद्यार्थिनी