'असलं अभद्र वाचू देऊ नका' या सल्ल्याबद्दल

मा. संपादक, स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पालकांच्या प्रश्नोत्तरांचं सदर आहे त्यात एका आईने विचारलं होतं की माझा अकरा वर्षांचा मुलगा ऑटिस्टिक आहे आणि तो दिवसभर फक्त बुडालेल्या बोटींबद्दल बोलतो, किती माणसं गेली, किती वाजता गेली, पाहुणे आले तरी तेच, काय करू. त्यावर उत्तर छापलंय की अशा नकारात्मक विषयांपासून मुलाला हळूहळू दूर न्या, पुस्तकं-व्हिडिओ काढून घ्या आणि त्याऐवजी रेल्वे, नकाशे, डायनासोर अशा निरोगी आवडी लावा.

डायनासोर! म्हणजे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जे झाडून सगळे मेले ते निरोगी, आणि बोट बुडाली की ते नकारात्मक. मी दोनदा वाचलं आणि मग हे पत्र लिहायला घेतलं, लांबलं तर कात्री लावा पण मधला आजीचा भाग कापू नका प्लीज.

मी ४१ वर्षांची आहे, पुण्यात एका सीएच्या ऑफिसात जीएसटीचे रिटर्न भरते, आणि मी ऑटिस्टिक आहे हे मला वयाच्या ३४ व्या वर्षी कळलं. त्याआधी मी फक्त 'विचित्र' होते. विचित्र का, तर नऊ वर्षांची असताना किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, आणि आमच्या घरी येणाऱ्या पेपरातलं त्याबद्दलचं एकेक कात्रण मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायला लागले. बाकी सगळे फोटो बघून हळहळायचे, मी भिंती बघायचे. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, वर मातीचं जड माळवद, आणि दगडांना एकमेकांत धरून ठेवणारं काही नाही, म्हणजे जमीन हलली की भिंत सुटते आणि वरचं सगळं झोपलेल्या माणसांवर येतं. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. हे कळल्यावर मला भीती वाटायची कमी झाली, वाढली नाही. कारण आता ती भीती नुसती हवेत नव्हती, तिला भिंत होती, छप्पर होतं, वेळ होती.

ही गोष्ट नॉर्मल माणसांना समजावून सांगणं मला अजून जमलेलं नाही. लोकांना वाटतं दुःखाच्या विषयाकडे ओढा म्हणजे मन दुःखी. माझं उलटं आहे. मला चालू जग अवघड जातं, एखादं लग्न घ्या, पाचशे माणसं, स्पीकर, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एक आणि मनात एक, त्यातलं काय खरं ते मला पटकन कळत नाही. जुनी दुर्घटना तशी नसते. ती घडून गेलेली असते. तिला सुरुवात, कारण, क्रम सगळं असतं, तिच्यातली माणसं खोटं हसत नाहीत, आणि मी कितीही वेळा परत गेले तरी ती बदलत नाही.

पाचवीत बाईंनी निबंध दिला, 'माझ्या आयुष्यातील अविस्मरणीय दिवस'. मी लिहिला १२ जुलै १९६१. माझा जन्म १९८४ चा. पण अविस्मरणीय म्हणजे जो विसरता येत नाही तो, असा माझा सरळ हिशोब होता. पानशेतचं धरण आंबी नदीवर आहे, काम पुरं व्हायच्या आत पाणी अडवलं, रात्रभर जवान वाळूची पोती रचत होते, सकाळी धरण फुटलं, मग खालचं खडकवासलाही गेलं, पुण्यात लकडी पूल पाण्याखाली, असं सगळं क्रमाने चार पानं. बाईंनी लाल शाईत लिहिलं, 'असे अभद्र लिहू नये', आणि आईला शाळेत बोलावलं. आई बिचारी घाबरली. घरी तर नियमच होता की तिन्हीसांजेला असलं काही बोलायचं नाही, वास्तू तथास्तु म्हणते. मी विचारलं होतं की मग वास्तू बारा जुलैला कुठे होती, त्यावर धपाटा मिळाला, तो मात्र रास्त होता.

आता आजी. आईचं माहेर शनिवार पेठेतल्या एका वाड्यात. तिथे जिन्याच्या भिंतीवर अकराव्या पायरीपाशी एक मळकट रेघ होती, पुराचं पाणी तिथवर चढलेलं. मला तिथे सोडलं की मी अकराव्या पायरीवर बसायचे, पट्टी घेऊन रेघेची उंची मोजायचे, रोज तीच यायची, मला ते फार बरं वाटायचं. वाड्यात सगळ्यांच्या बोलण्यात 'पुराच्या आधी' आणि 'पुरानंतर' असंच वर्षांचं माप, पण पुराच्या दिवसाबद्दल कोणी बोलायचं नाही. मी आजीला सरळ विचारलं, स्वयंपाकघरातलं काय काय गेलं? कसं वाटलं वगैरे नाही विचारलं, ते विचारायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. यादी विचारली.

आणि आजीने यादी दिली. गहू-ज्वारीचे डबे गाळाने भरलेले, आणि भिजलेल्या धान्याला जो वास सुटला तो वास चौकातून महिनाभर गेला नाही. शिवणाचं मशीन गेलं. पाटा जड, तो होता तिथेच राहिला पण वरवंटा काही सापडला नाही, मग नवा आणला तो त्या पाट्याला कधी बसलाच नाही, "तेव्हापासून माझी चटणी भरडच राहते बघ." हे ती हसत सांगत होती. मग म्हणाली, भिंतीवर थोरल्याचा फोटो होता, एकच काढलेला. थोरला म्हणजे आईच्या आधीचा मुलगा, अकरा महिन्यांचा होऊन गेलेला. मी विचारलं फोटो केवढा होता. तिने हाताने दाखवलं, एवढा. मग विचारलं त्यात त्याने काय घातलं होतं, तर म्हणाली झबलं आणि कुंची, आणि कुंची एका बाजूला कललेली होती ती मी नीट करायला गेले तेवढ्यात फोटोवाल्याने काढलाच.

मी म्हटलं, आजी तू हे आईला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "ती रडायला लागते गं. तू रडत नाहीस, म्हणून तुला सांगता येतं."

आईला भाऊ होऊन गेला हे माहीत होतं. त्याचा फोटो होता हे तिला माझ्याकडून कळलं.

मराठीत आम्हाला 'स्वमग्न' म्हणतात, सरकारी कागदांवर स्वमग्नता लिहितात. शब्द छान आहे ऐकायला, पण मी स्वमध्ये कुठे मग्न होते हो, मी पानशेतमध्ये मग्न होते! बाकी लोक स्वतःला त्रास नको म्हणून विषय बदलत होते. असो. आम्हाला दुसऱ्याचं दुःख कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा बघावं की हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये रात्री दोन वाजता नातेवाईक कोणाशी बोलतात. माझे वडील आयसीयूत होते तेव्हा सगळे त्यांना 'काही नाही, लवकर घरी जायचंय' म्हणायचे आणि वडील मान डोलवायचे, मग मी एकटी असले की विचारायचे, खरं काय चाललंय ते सांग. मी सांगायचे. रीडिंग वगैरे सगळं.

आता दुसरी बाजू पण लिहिते, नाहीतर माझंच खरं असं वाटेल. २०२० मध्ये माझं बिनसलं होतं. कोरोनाचे आकडे रोज संध्याकाळी यायचे आणि मी ते एक्सेलमध्ये भरत बसायचे, पुणे, पिंपरी-चिंचवड, ग्रामीण, वेगवेगळे कॉलम, मग पहाटे तीनला उठून बेरीज तपासायची, जेवण सुटलं, झोप गेली. कारण ही दुर्घटना संपलेलीच नव्हती ना, खाली टोटलची ओळ मारताच येत नव्हती. तेव्हा माझ्या भावाने डोकं चालवलं, त्याने विषय बंद केला नाही, वर्ष बदललं. म्हणाला तू १८९७ चा प्लेग कर. मग मी रॅंड, गणेशखिंडीतली २२ जूनची रात्र, चापेकर, मुंबईत स्वतःलाच आधी लस टोचून घेणारे हाफकिन, आणि प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्चला प्लेगनेच गेलेल्या सावित्रीबाई, हे सगळं वाचत सुटले आणि आठ-दहा दिवसांत झोपायला लागले. दुसऱ्या कोणाला हा उपाय लागू पडेल असं मी म्हणत नाही. आणि मूल जर स्वतःच्याच मरणाबद्दल बोलत असेल, खाणंपिणं सोडलं असेल, त्याच्या आवडीच्या बोटीसुद्धा त्याला नकोशा झाल्या असतील तर वाट न बघता डॉक्टरकडे न्या. ऑटिस्टिक माणसांना डिप्रेशन येतं, पुष्कळ जणांना येतं. पण माझ्या बाबतीत त्याची खूण अशी होती की एका वर्षी मी पानशेतचं काहीच वाचलं नाही. वाचत होते तेव्हा मी ठीक होते.

तर त्या ताईंना, हे पत्र छापलंत आणि त्यांनी वाचलं तर, एवढंच सांगायचंय की पुस्तकं काढून घेऊ नका, त्याला 'रामदास' बोट माहीत आहे का विचारा. बहुतेक माहीत असेल. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेच्या वर माणसं गेली, आणि बोटीवर वायरलेस नव्हता म्हणून मुंबईला कित्येक तास पत्ताच नाही. त्याला विचारा की वायरलेस असता तर काय झालं असतं. मग जरा वेळ काढून बसा, कारण उत्तर लांब असणार. पाहुण्यांसमोर नको असेल तर त्याला तसं स्पष्ट सांगा, 'पाहुणे गेल्यावर साडेसात ते आठ बोटी', आम्हाला वेळ सांगितली की कळतं, डोळे वटारलेले कळत नाहीत. आणि पाहुण्यांमध्ये कोणी म्हातारं माणूस असलं तर कदाचित साडेसातची वाट बघायला लागू नये. अलिबाग-रेवसकडचं असलं तर नक्कीच.

आपली,
एक वाचक, सिंहगड रोड, पुणे

ता. क. त्याच पुरवणीत पान तीनवर 'पानशेत रात्री फुटले' असं छापलंय. सकाळी फुटलं. खडकवासला दुपारी. कृपया दुरुस्ती छापावी.