उसनी कॉन्फिग फाईल नको

मा. संपादक,

स. न. वि. वि.

ऑपरेटिंग सिस्टीम सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, कंपाइल कशी करावी, यावर आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत आलेला लेख वाचून आनंद झाला. मराठी वर्तमानपत्रात हा विषय कमांडसकट येतो, ही मोठी गोष्ट आहे. पण त्यातल्या दोन सल्ल्यांना माझा ठाम विरोध आहे. एक, ‘एखाद्या जाणकाराची तयार कॉन्फिग फाईल घ्या आणि आपल्या मशीनवर टाका’. (कॉन्फिग फाईल म्हणजे सिस्टीमचे कोणते भाग बांधायचे आणि कोणते नाहीत, याची नोंद.) दुसरा, ‘जे लागत नाही ते सगळं बंद करा, मशीन पळायला लागेल’. मी ऑपरेटिंग सिस्टीमची प्रात्यक्षिकं घेते आणि फ्रीबीएसडी या युनिक्स वळणाच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारे काही सर्व्हर सांभाळते. हे सल्ले पाळून अडकलेली मंडळी माझ्याकडे येतात, म्हणून हे पत्र.

आधी वेगाचं सांगते, कारण ते थोडक्यात आटपतं. ब्लूटूथ किंवा वायरलेसचा भाग वगळला, तर बिल्ड, म्हणजे सिस्टीम बांधण्याचं काम, लवकर संपतं आणि डिस्कवरची जागा वाचते. पण रोजच्या कामाचा वेग त्याने वाढत नाही. न चालणारा प्रोग्रॅम डिस्कवर पडून असला, तरी तो प्रोसेसरचा वेळ खात नाही. प्रोसेसरचा नेमका प्रकार कंपायलरला सांगितला की काही आकडेमोडीत फरक पडतो, हे खरं. पण जिथे तो सगळ्यात जास्त जाणवावा त्या ओपनएसएसएलसारख्या एन्क्रिप्शनच्या लायब्ररी कुठला प्रोसेसर आहे हे चालतानाच ओळखतात आणि त्याला जुळणारा कोड निवडतात. उलट, नव्या मशीनवर तिच्याच प्रोसेसरसाठी केलेलं बिल्ड जुन्या मशीनवर नेऊन बसवलं की ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून प्रोग्रॅम पटापट मरतात. वेगासाठी या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग जावं कशासाठी? आपल्या मशीनमध्ये काय आहे आणि काय नाही, हे आपण ठरवावं यासाठी. एखाद्या घटकात सुरक्षेचा दोष सापडला आणि तो घटक आपण बांधलेलाच नसला, तर त्या दिवशी निवांत राहता येतं. बांधलेला असला, तर दुरुस्त सोर्स आणून पुन्हा बिल्ड करण्याची जबाबदारी आपलीच. उसन्या फाईलमध्ये हे ठरवणंच दुसऱ्याच्या हाती जातं. काय बंद केलंय ते कळतं, का बंद केलंय ते कळत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. फ्रीबीएसडीत बेस सिस्टीमच्या, म्हणजे सोबतच येणाऱ्या मूळ भागाच्या, बिल्डचे पर्याय ‘ईटीसी’ डिरेक्टरीतल्या ‘एसआरसी.कॉन्फ’ या फाईलमध्ये लिहितात. त्यांची नावं ‘विथ’ किंवा ‘विदाउट’ने सुरू होतात. यात एक बारकावा आहे, आणि मॅन्युअलमध्ये तो स्वच्छ लिहिलेला आहे: बरोबरच्या चिन्हापुढे काय लिहिलंय, ते पाहिलंच जात नाही. ‘येस’ लिहा, ‘नो’ लिहा, ‘फॉल्स’ लिहा. ओळ फाईलमध्ये आहे, एवढंच मोजलं जातं.

माझ्या ओळखीच्या एका प्रशासकांनी अशीच कुणाची तरी फाईल आणली होती. तिच्यात ‘विदाउट_ओपनएसएसएच=येस’ ही ओळ होती, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करू देणारं ओपनएसएसएच बांधूच नको. मूळ मालक बहुधा मशीनसमोर बसूनच काम करत असावा. यांना तर रिमोट लॉगिन हवंच होतं. म्हणून त्यांनी ‘येस’चं ‘नो’ केलं आणि सिस्टीम बांधणारी ‘मेक बिल्डवर्ल्ड’ ही कमांड चालवली. बिल्ड नीट झालं, ‘इन्स्टॉलवर्ल्ड’ नीट झालं, मशीन रीबूट झालं, लॉगिनही झालं. सगळं जागच्या जागी दिसत होतं. याचं कारण असं की इन्स्टॉलवर्ल्ड नव्या फाईली बसवतं, जुन्या काढत नाही. एसएसएचचा जुना सर्व्हर तसाच मागे राहिला होता आणि तोच लॉगिन देत होता. नव्या सोर्समध्ये सुरक्षेची दुरुस्ती आली असती, तरी ती या मशीनपर्यंत पोचलीच नसती, आणि कुणाला पत्ताही लागला नसता. मला यातला हाच भाग सगळ्यात गंभीर वाटतो.

पुढे साफसफाईसाठी त्यांनी ‘मेक डिलीट-ओल्ड’ चालवलं. ही कमांड एकेक फाईल दाखवून काढू का विचारते, पण प्रश्न टाळणारा बॅचचा पर्याय त्यांनी दिला होता. एसएसएचचा सर्व्हर गेला. उघडं असलेलं सेशन चालू राहिलं, नवं मात्र जोडलं जाईना. नशिबाने सगळं लक्षात आलं तेव्हा जुनं सेशन अजून उघडंच होतं.

ओपनएसएसएच हवं असेल, तर ती ओळ फाईलमधून काढून टाकायची, बस्स. आणि बिल्ड सुरू करण्याआधी सोर्सच्या डिरेक्टरीत ‘मेक शोकॉन्फिग’ चालवायचं. कुठला पर्याय शेवटी हो ठरला आणि कुठला नाही, याची पूर्ण यादी स्क्रीनवर येते. काही सेकंदांचं काम आहे. माझ्या विद्यार्थ्यांना ही यादी वहीत चिकटवल्याशिवाय मी बिल्ड सुरू करू देत नाही, आणि त्याबद्दल त्यांनी कुरकुर केली तरी चालेल.

ही यादी आणखी एका कारणाने वाचावी लागते. एक पर्याय बंद केला की त्याच्यावर टेकलेले दुसरे आपोआप बंद होतात. ओपनएसएसएल काढलं की ओपनएसएसएचही जातं. ‘विदाउट_सीडीडीएल’ हा पर्याय लायसन्सच्या नावाचा दिसतो, म्हणून काहीजण तो बेधडक टाकतात. पण त्यासोबत सिस्टीमचा माग घेणारं डीट्रेस जातं, झेडएफएस या फाईलसिस्टीमची साधनं जातात आणि मशीन सुरू करणाऱ्या बूट लोडरचा झेडएफएस वाचणारा भागही जातो. ज्याची रूट डिस्कच झेडएफएसवर आहे, त्याने ही ओळ उसनी घेतली तर काय होईल, हे सांगायला नको.

कर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या, कॉन्फिगलाही हाच न्याय. ‘जेनेरिक’ या मूळ फाईलची पूर्ण प्रत काढून तिच्यातल्या ओळी खोडायच्या, असं आपल्या लेखात सुचवलं आहे. चालतं, पण पुढच्या आवृत्तीत जेनेरिकमध्ये नवं काही आलं, तर त्या प्रतीत ते येत नाही. त्यापेक्षा चार ओळींची छोटी फाईल करावी: आधी ‘इन्क्लूड जेनेरिक’, मग ‘आयडेंट’मध्ये आपलं नाव, आणि खाली जे नको त्यासाठी ‘नोडिव्हाइस’ किंवा ‘नोऑप्शन्स’. मूळ फाईलपेक्षा आपण काय वेगळं केलंय ते एका नजरेत दिसतं. त्या प्रत्येक ओळीवर कारणाची कमेंट लिहावी. ‘या मशीनला फ्लॉपी नाही’ एवढी असली तरी पुरते.

लिनक्सवाल्यांचं दुखणं थोडं वेगळं आहे. तिथे कर्नलचे पर्याय हजारोंनी आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी हो आणि नाही यांच्या जोडीला ‘मॉड्यूल’ (गरज पडली की लोड होणारा वेगळा भाग) हे तिसरं उत्तरही असतं. सुरुवात करावी ती आपल्याच मशीनवर आत्ता चालत असलेल्या कर्नलच्या कॉन्फिगपासून. ती बहुधा ‘बूट’ डिरेक्टरीत सापडते. नव्या आवृत्तीवर जाताना ‘ओल्डडेफकॉन्फिग’ गपचूप ठरावीक उत्तरं भरून मोकळं होतं, ‘ओल्डकॉन्फिग’ प्रत्येक नवा प्रश्न विचारतं. कंटाळवाणं वाटलं तरी शिकणाऱ्याने दुसरंच वापरावं. ‘लोकलमॉडकॉन्फिग’ त्या क्षणी लोड झालेली मॉड्यूलच ठेवतं, त्यामुळे कपाटात ठेवलेला वेबकॅम किंवा यूएसबी प्रिंटर आधी जोडून घ्यावा. रूट डिस्कची फाईलसिस्टीम मॉड्यूल केली आणि अशी मॉड्यूल बूटच्या वेळी पुरवणारं इनिटरॅमएफएस बनवलं नाही, तर कर्नलला डिस्क वाचता येत नाही आणि बूट होतानाच पॅनिक येतो, म्हणजे कर्नल हात टेकून थांबतं. एखादा पर्याय बंद होता होत नसेल, तर ‘मेनूकॉन्फिग’ या पर्याय निवडण्याच्या मेनूत तिरकी रेघ दाबून त्याचं नाव शोधावं. त्याला कोणी ‘सिलेक्ट’ केलंय ते तिथेच दिसतं. ही सोय माझ्या मते सगळ्यात कमी वापरली जाते आणि सगळ्यात जास्त शिकवून जाते.

आपल्या लेखकांचा हेतू चांगला आहे, यात मला शंका नाही. पहिल्यांदाच हे करणाऱ्याला शेकडो पर्याय पाहून धडकी भरते, म्हणून तयार फाईल द्यावीशी वाटते. पण पहिल्या बिल्डला एकही पर्याय न बदलणं हा त्याहून चांगला उपाय आहे. एसआरसी.कॉन्फ रिकामी, कर्नल जेनेरिक. ते बिल्ड बसलं, मशीन उठलं, की मग एका वेळी एकच पर्याय बदलावा.

आपल्याला विनंती आहे की लेखाच्या पुढच्या भागात एवढ्या दुरुस्त्या जरूर छापाव्यात: ‘नो’ लिहिल्याने ‘विदाउट’चा पर्याय रद्द होत नाही, डिलीट-ओल्डच्या आधी शोकॉन्फिगची यादी वाचावी, आणि नवं कर्नल उठलं नाही तर फ्रीबीएसडी आधीचं कर्नल ‘कर्नल.ओल्ड’ या नावाने जपून ठेवतं, ते लोडरच्या मेनूतून निवडून बूट करता येतं. ही शेवटची गोष्ट आपल्या लेखात कुठेच आलेली नाही, आणि नवशिक्याला तिची गरज पहिल्याच आठवड्यात पडू शकते. पुढचा भाग छपाईला जाण्याआधी त्यातल्या कमांड तपासून हव्या असतील, तर मी आनंदाने तपासून देईन.

आपली नम्र,
ऑपरेटिंग सिस्टीमची प्रात्यक्षिकं घेणारी एक वाचक