वाढदिवसाला मासे वाटू नका

संपादक महोदय,

आमच्या विश्रामबाग भागात मुलांच्या वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून जिवंत मासा द्यायची पद्धत पडू लागली आहे. ती इथेच थांबावी म्हणून हे पत्र.

परवा माझी नात असाच एक निऑन टेट्रा घेऊन आली. भांडं ओंजळीएवढं, तळाला निळे खडे, सोबत खाद्याची पुडी. आणि मासा एकच! निऑन हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, थव्याने राहणारा मासा. एकटा पडला की कोपऱ्यात दबून राहतो, खाणं टाकतो, फिका पडतो. त्याला निदान सहा-आठ सोबती आणि पन्नासेक लिटरची, फिल्टर लावलेली टाकी लागते. भांड्यात त्याची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांतून अमोनिया साठतो. तो पचवणारे जिवाणू टाकीतसुद्धा रुजायला महिना-सव्वा महिना घेतात. पाणी वरून नितळच दिसतं आणि चार-आठ दिवसांत मासा मरून तरंगतो. मग लेकराची समजूत कशी काढायची? त्यात आपल्या सांगलीचा उन्हाळा चाळिशी गाठणारा. निऑनला मानवतं २२ ते २६ अंश.

काही मुलांना गुलाबी, जांभळे टेट्रा मिळाले होते. तो रंग त्यांचा नव्हे. पांढऱ्या विडो टेट्राच्या अंगात सुईने रंग टोचतात. काही महिन्यांत तो विटतो, जखमेतून रोग शिरतो तो वेगळाच. निऑनचा निळा पट्टा मात्र जन्माचा. त्वचेतले सूक्ष्म स्फटिक प्रकाश परतवतात, म्हणून तो चमकतो. रात्री अंधारात पट्टा मावळतो. सकाळी टाकीचा दिवा लावून जरा थांबा, निळाई एकेका माशावर पुन्हा चढताना दिसते. शिक्षिका असताना मी वर्गातल्या मुलांना घरी बोलावून हे दाखवत असे. एकही मूल जागचं हलत नसे.

दुकानदारांनी रंगवलेले मासे विकायला ठेवूच नयेत आणि टेट्रा मागणाऱ्याला आधी घरी टाकी आहे का, हे विचारावं. ज्यांच्याकडे असा एकटा मासा आलाच आहे, त्यांनी तो कृष्णेत सोडू नये. परदेशी मासा आपल्या नदीत नको. टाकी असलेल्या ओळखीच्या घरी द्यावा. तोवर सगळं पाणी एकदम बदलू नका. रोज पाव हिस्सा काढा आणि नळाचं पाणी दिवसभर उघड्या बादलीत ठेवून, त्यातलं क्लोरीन उडाल्यावरच घाला.

एक निवृत्त शिक्षिका,
विश्रामबाग, सांगली