इफ्ताहाच्या कथेखाली कोणतं तात्पर्य लिहायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बायबलमधल्या रक्तपाताच्या कथांवर आपल्या पुरवणीत दोन पत्रं आली. एकाचं म्हणणं, असल्या कथा मुलांना सांगूच नयेत. दुसऱ्यानं प्रत्येक कथेखाली तात्पर्य लिहून दिलं. इफ्ताहाच्या कथेखाली लिहिलं, देवाला दिलेला शब्द काहीही झालं तरी पाळावा. पहिल्या पत्राशी माझं फारसं भांडण नाही. दुसऱ्याशी आहे, कारण मी आमच्या मंडळीत संडेस्कूल घेते आणि समोर निम्म्या मुली बसलेल्या असतात.

कथा ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात. शास्ते या पुस्तकाचा ११वा अध्याय. इफ्ताह गिलादचा, वेश्येच्या पोटचा. वडिलांच्या इस्टेटीत वाटेकरी नको म्हणून सावत्र भावांनी त्याला हाकलून दिलं. पुढे शेजारचे अम्मोनी लोक चालून आले तेव्हा गिलादच्या वडीलधाऱ्यांना त्याचीच आठवण झाली. लढाईआधी त्यानं नवस केला : जिंकून परतलो की माझ्या घराच्या दारातून जे पहिलं सामोरं येईल, त्याचं होमार्पण करीन. तो जिंकला, आणि डफ वाजवत, नाचत बाहेर आली त्याची एकुलती एक लेक. दिलेला शब्द पाळा, असं तीही म्हणाली, आणि बापानं नवस फेडला.

हा अध्याय सावकाश वाचावा. परमेश्वराचा आत्मा इफ्ताहावर आला, हे नवसाच्या आधी लिहिलं आहे. म्हणजे नवस कुणी मागितलाच नव्हता. अब्राहामानं पोटच्या मुलाचा बळी द्यायला सुरी उचलली तेव्हा देवाच्या दूतानं हात थांबवला. इथं वरून कुणी थांबवत नाही, पण शाबासकीही कुणी देत नाही. पोटच्या पोरांना आगीत होमणं परमेश्वराला किळसवाणं आहे, हे मोशेच्या नियमशास्त्रात स्वच्छ सांगितलेलं आहे. आणि लेक दिसल्यावर बाप काय बोलतो? तूच मला संकटात लोटलंस, असं तिलाच म्हणतो. नवस याचा, दोष तिचा!

ज्यू परंपरेत या कथेवर एक जुनी टिप्पणी आहे. फिनहास याजक तो नवस मोडून देऊ शकला असता. पण इफ्ताह म्हणाला, मी सरदार, मी कशाला त्याच्याकडे जाऊ? फिनहास म्हणाला, मी महायाजक, मी कशाला त्या अडाण्याकडे जाऊ? दोघांच्या मानपानात पोर गेली. (आमच्याकडची ग्रामपंचायत ज्यानं पाहिली आहे, त्याला हे समजायला भाष्यकार लागणार नाही.) तिला मारलं नाही, आजन्म कुमारी ठेवलं, असंही काही मध्ययुगीन ज्यू पंडित मानत. समजा तसं असलं, तरी तिला विचारलं कुणी?

वर्गात ही कथा सांगितली तेव्हा एका पोरीनं विचारलं, "बाई, तिची माय कुठी होती?" अध्यायात मायचा उल्लेखच नाही. शब्द पाळण्याच्या तात्पर्यात या प्रश्नाला जागा नाही, म्हणून मला ते तात्पर्य नको आहे. आमच्या भागात आजही सोयरिकीच्या बैठकीत बाप 'शब्द देऊन' येतो. मग पोरगी अठराची नसली, शिकायचं म्हणत असली, तरी शब्द मोठा ठरतो. २००६ चा बालविवाहाचा कायदा सगळ्यांना माहीत असतो, आणि तरीही. अशा गावात इफ्ताहाची लेक आज्ञाधारक मुलीचा आदर्श म्हणून सांगणं मला भयंकर वाटतं.

कथा वगळावी, हेही मला पटत नाही. चिलया बाळाची कथा ऐकताना आमच्या शेजारच्या आज्या आजही डोळे पुसतात, पण पाहुणा दारी आला की लेकरू उखळात घालावं, असा अर्थ अजून कुणी काढलेला नाही. गाडगेबाबा आमच्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. लेकीच्या बारशाला मटण-दारूची रीत मोडून त्यांनी गोडाचं जेवण घातलं. पुढे आयुष्यभर नवसाच्या बोकडावरून ते कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत राहिले. आयतं उत्तर हातात न देता समोरच्याकडूनच वदवून घेत. इफ्ताहाची कथा मला त्या रीतीनं सांगावीशी वाटते : नवस कुणाचा, किंमत कुणाची, आणि गावातलं कोण कोण गप्प बसलं?

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात, ११व्या अध्यायातल्या विश्वासवीरांच्या यादीत इफ्ताहाचं नाव आहे, हे आमचे पाळकसाहेब मला दर वेळी बोट ठेवून दाखवतात. नाव आहे, मान्य. पण तिथं त्या नवसाबद्दल एक अक्षर नाही. शिवाय त्याच ओळीत बायकांच्या नादी लागून बळ आणि डोळे गमावलेला शमशोनही आहे, आणि शमशोनासारखं वागा असं पाळकसाहेबांनी अजून कुठल्या पोराला सांगितलेलं मी ऐकलं नाही.

कळावे,
एक वाचक,
ता. अचलपूर, जि. अमरावती